आठ दिवसांनी झाकोळणारा तारा

प्रश्न : ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो आणि त्यावरून ग्रहाचा शोध लागतो, असं वाचलं. वृषभ राशीत एक तारा म्हणे दर आठ दिवसांनी मंद होतो, पण त्याच्याभोवतीचे ग्रह अजून घडायचे आहेत. ग्रहच नसतील तर मध्ये आडवं येतं कोण? आणि ग्रह घडताना आजवर कुणी पाहिले आहेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही वाचलेला तारा एए टॉरी असणार. आडवी येते ती धूळ, ज्या धुळीतून पुढे ग्रह घडतात तीच. एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं. पण ही धूळ जिथे आडवी येते ती जागा इतकी चिमुकली आहे की तिचं छायाचित्र आजवर कुणालाच घेता आलेलं नाही. मग तिथे धूळ आहे, ती अमुक अंतरावर आहे, तिचा आकार असा आहे, हे कळलं कसं? केवळ प्रकाशाच्या चढउतारावरून. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी या ताऱ्याचा पत्ता. जानेवारीच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर उभं राहून मान वर केली की महाराष्ट्रातून रोहिणी आणि कृत्तिका जवळजवळ डोक्यावरच दिसतात. रोहिणीच्या उत्तरेला साधारण आठ अंश आणि कृत्तिकेच्या पूर्वेला साधारण अकरा अंश जा. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश आकाश झाकते, त्या मापाने अंदाज येईल. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. चांगल्या दिवसांतही एए टॉरीची प्रत १२.५ च्या आसपास असायची, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याहूनही तो सुमारे चारशेपट मंद. तो आपल्यापासून साधारण ४५० प्रकाशवर्षं दूर आहे. वस्तुमान सूर्याहून थोडं कमी आणि वय दहा-वीस लाख वर्षांच्या घरात. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं आहे, हे लक्षात घेतलं तर हा तारा अजून पाळण्यातच आहे म्हणायचा.

आता तुमची ग्रहाची शंका. गुरूचा व्यास सूर्याच्या व्यासाच्या एक दशांश. त्यामुळे दूरवरून पाहणाऱ्याला गुरू सूर्यबिंबासमोरून जाताना बिंबाचा एक शतांश भाग झाकलेला आढळेल आणि प्रकाश एक टक्क्याने घटेल. पृथ्वी गेली तर घट एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एए टॉरीचा प्रकाश मात्र जास्तीत जास्त १.४ प्रतींनी उतरायचा. हिशेब केला तर उरतो जेमतेम चौथा हिस्सा. एवढा प्रकाश अडवणारा ग्रह स्वतःच ताऱ्याएवढा असायला हवा. शिवाय ग्रहाची घट दर फेरीला सारखीच असते आणि काही तासांत आटोपते. इथे घट कधी खोल तर कधी उथळ, आणि काही दिवस चालणारी. त्यामुळे ग्रहाचा पर्याय बाद झाला.

अशा लहरी ताऱ्यांचं एक मोठं कुटुंबच आहे आणि त्याचा मूळपुरुष वृषभातच सापडला. ऑक्टोबर १८५२ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका खासगी वेधशाळेतून जॉन रसेल हिंड यांना टी टॉरी हा रूपविकारी तारा आणि त्याच्याशेजारचा पुसट तेजोमेघ दिसला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो तेजोमेघ दिसेनासा झाला आणि १८९० मध्ये अमेरिकेत पुन्हा सापडला. आज तो एनजीसी १५५५ किंवा हिंडचा तेजोमेघ म्हणून ओळखला जातो. ताऱ्यासारखा तारा बदलतो हे समजू शकतं, पण शेजारचा ढगही दिसेनासा होतो, याची संगती त्या काळी लावणं अवघड होतं.

पुढे १९४५ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेच्या आल्फ्रेड जॉय यांनी टी टॉरीसारखे ११ तारे एकत्र करून त्यांचा वेगळा गट मांडला. बेभरवशाचा प्रकाश, वर्णपटातल्या ठळक तेजस्वी रेषा आणि आसपास काळोखे धूळढग, ही त्यांची खूण. हे तारे म्हातारे नसून नुकतेच जन्मलेले आहेत, हा विचार आर्मेनियाच्या व्हिक्टर अंबार्त्सुम्यान यांनी त्याच दशकाच्या अखेरीस मांडला. मग प्रश्नाचं स्वरूपच बदललं. या ताऱ्यांचा स्वभाव असा का, याऐवजी जन्माच्या वेळी ताऱ्याभोवती असं काय असतं, असं खगोलशास्त्रज्ञ विचारू लागले.

असते ती वायू आणि धुळीची चकती. थंड ढगाचा तुकडा स्वतःच्या गुरुत्वाने आत कोसळतो, तेव्हा त्याचं मुळातलं हलकंसं फिरणं वाढत जातं आणि सगळा माल सरळ मध्यभागी पडू शकत नाही. उरलेला भोवती चपट्या चकतीत फिरत राहतो. या चकतीतला वायू हळूहळू आत सरकून ताऱ्यावर पडतो आणि धुळीचे कण एकमेकांना चिकटून मोठे होत जातात.

त्यामुळे तरुण तारा मंद-तेजस्वी होण्याची निदान तीन कारणं संभवतात. एक, पृष्ठभागावरचे थंड काळे डाग. सूर्यावरच्या डागांपेक्षा ते कितीतरी मोठे असतात आणि ताऱ्याबरोबर फिरतात. दोन, पडणारा वायू जिथे आदळतो तिथले तापलेले ठिपके. तीन, मध्ये येणारी धूळ. बहुतेक ताऱ्यांत ही तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात आणि प्रकाशाच्या आलेखावरून ती सुटी करणं कठीण जातं. एए टॉरीचं वैशिष्ट्य हे की तिथे तिसऱ्या कारणाचं पारडं ठळकपणे जड आहे.

हे कळायला १९९५ साल उजाडावं लागलं. आठ-नऊ दिवसांचं चक्र एका वेधशाळेतून नीट पकडता येत नाही. दिवस उजाडतो, ढग येतात, नेमका प्रकाशाच्या आलेखातल्या खळग्याचा तळच निसटतो. म्हणून फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे जेरोम बुविये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षअखेरीस महिनाभर अनेक वेधशाळांतून एकाच ताऱ्यावर नजर ठेवली. सगळ्या नोंदी एका कागदावर मांडल्यावर आलेखात काही दिवस सपाट पठार, मग रुंद खळगा, मग पुन्हा पठार, अशी आकृती उमटली. एका खळग्यापासून पुढच्यापर्यंत सुमारे ८.२ दिवस.

पण हा खळगा धुळीचाच, असं कशावरून? पहिला पुरावा रंगाचा. थंड डागामुळे प्रकाश घटतो तेव्हा तारा सहसा लालसर होतो, आणि डाग कितीही मोठा असला तरी पाऊण प्रकाश गिळणं त्याच्या आवाक्यात नसतं. एए टॉरी एवढा मंद होऊनही त्याचा रंग फारसा बदलत नव्हता. एखादी अपारदर्शक भिंत मध्ये यावी तसा हा प्रकार होता. दुसरा पुरावा ध्रुवणाचा. धुळीवरून उसळून आलेल्या प्रकाशाची कंपनं ठरावीक दिशेला झुकलेली असतात, थेट ताऱ्याकडून येणाऱ्या प्रकाशाची तशी नसतात. तारा खळग्यात असताना ध्रुवणाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. म्हणजे थेट प्रकाश अडत होता, मात्र चकतीच्या इतर भागांवरून विखुरलेला प्रकाश आपल्यापर्यंत येतच होता. आतला दिवा तसाच होता, मध्ये कुणीतरी येऊन उभं राहत होतं.

हे कुणीतरी नेमकं कुठे उभं आहे, तेही काढता येतं आणि त्याला शाळेत शिकलेला केप्लरचा तिसरा नियम पुरतो. सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाच्या ताऱ्याभोवती ८.२ दिवसांत एक फेरी पूर्ण करणारी वस्तू किती अंतरावर असेल? हिशेब करून पाहा, उत्तर येतं पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.०७४ पट, म्हणजे सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. म्हणजे ही जागा बुधाच्याही पाचपट आत आली. तिथे धूळ टिकेल का? दगडी धुळीची वाफ व्हायला साधारण दीड हजार केल्विन तापमान लागतं. एए टॉरीची दीप्ती पाहता या अंतरावर तापमान त्याहून कमी राहतं, तेव्हा धूळ टिकते. पण अगदी सीमेवर.

गंमत पुढे आहे. वर्णपटावरून मोजलं तर तारा स्वतःभोवतीसुद्धा ८.२ दिवसांतच एक फेरी घेतो. हा योगायोग नाही. या ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र दोन ते तीन हजार गॉस आहे. पृथ्वीचं क्षेत्र एका गॉसच्याही आत असतं. इतक्या ताकदीचं क्षेत्र चकतीला ताऱ्यापर्यंत येऊच देत नाही, काही अंतरावर थोपवून धरतं. चुंबकीय अक्ष आणि ताऱ्याचा फिरण्याचा अक्ष मात्र एका रेषेत नाहीत. त्यामुळे चकतीच्या आतल्या कडेला एका बाजूने क्षेत्र वर रेटतं आणि विरुद्ध बाजूने खाली दाबतं. उन्हात राहून वाकलेली ग्रामोफोनची तबकडी फिरताना जशी एका बाजूला उचललेली दिसते, तशी ही कड वाकते. आणि ती ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राला बांधलेली असल्यामुळे ताऱ्याच्याच गतीने फिरते. आपण या चकतीकडे जवळजवळ कडेच्या बाजूने पाहतो. उचललेला भाग आपल्या बाजूला आला की तारा झाकला जातो, पलीकडे गेला की मोकळा होतो.

याच उचललेल्या कडेवरून वायू चुंबकीय रेषा धरून निघतो आणि सेकंदाला तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने ताऱ्यावर कोसळतो. बुविये यांच्या गटाने १९९९ मध्ये पुन्हा मोहीम काढली, तेव्हा एका फेरीत खळगा जवळजवळ पडलाच नाही आणि त्याच सुमारास ताऱ्यावर पडणाऱ्या वायूचं प्रमाणही घटलं होतं. चुंबकीय रेषा पीळ बसून फुगतात, काही काळ चकतीशी असलेलं नातं तुटतं, मग पुन्हा जुळतं, असा याचा अर्थ लावला गेला. एका चुकलेल्या खळग्यातून केवढी माहिती हाती लागली, पाहा.

या गोष्टी छायाचित्रात का दिसू नयेत? इतक्या दुरून ही जागा जेमतेम अर्धा सहस्रांश विकला एवढी भरते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर ६६ अँटेनांची आल्मा ही दुर्बीण आहे आणि तिच्या अँटेना पंधरा किलोमीटरपर्यंत पांगवता येतात. अशा चकत्यांची चित्रं काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. तरीही तिला दिसणारा सर्वांत बारीक तपशील विसेक सहस्रांश विकलांच्या आसपास असतो. एए टॉरीची वाकलेली कड त्याच्याही चाळिसाव्या हिश्श्याएवढी. तेव्हा आल्मा चकतीचं बाहेरचं अंगण दाखवते, उंबऱ्याआतलं कळायला प्रकाशाचा आलेखच वाचावा लागतो.

आता दोन्ही साधनांची माहिती शेजारी ठेवली की एक कोडं समोर येतं. आल्माच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रात एए टॉरीभोवती धुळीची तीन वलयं स्पष्ट दिसली. त्यांचा कल निघाला सुमारे ५९ अंश. शून्य अंश म्हणजे चकती समोरून पाहणं आणि नव्वद अंश म्हणजे अगदी कडेवरून पाहणं. पण आतली कड तारा झाकते, याचा अर्थ तिचा कल ७५ अंशांच्या आसपास असायला हवा. म्हणजे एकाच चकतीचा आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या प्रतलांत आहे. कोरो आणि केप्लर या अवकाश दुर्बिणींनी असे झाकोळणारे तारे भरपूर शोधले. कोरोने पाहिलेल्या एका तरुण तारकागुच्छात तर चकती असलेल्या ताऱ्यांपैकी चौथाईहून अधिक ताऱ्यांचे आलेख एए टॉरीसारखे निघाले. अशा झाकोळणाऱ्या ताऱ्यांपैकी काहींच्या बाहेरच्या चकत्या आपल्याला जवळजवळ समोरून दिसतात, म्हणजे तिथली धूळ आडवी येण्याचं कारणच नाही. तरी येते. मध्ये एखादा ग्रह किंवा जोडतारा असेल आणि त्याने आतला भाग कलता केला असेल, हा एक संभाव्य खुलासा आहे, पण प्रत्येक ताऱ्याला तो लागू पडतो असं अजून सिद्ध झालेलं नाही.

आल्माच्या त्या चित्राआधीच, २०११ मध्ये, एए टॉरीने सगळ्यांनाच चकवलं होतं. आठ दिवसांचा खळगा सोडा, ताराच दोन प्रतींनी मंद झाला आणि पूर्वपदावर येईना. दोन प्रती म्हणजे प्रकाश सहापट कमी. ताऱ्यालाच काही झालं की काय? वर्णपट पाहिला तर ताऱ्यावर वायू पूर्वीसारखाच पडत होता. म्हणजे आतलं बिऱ्हाड जागच्या जागी होतं, एक नवा आणि जास्त रुंद पडदा मध्ये आला होता. हा पडदा पटकन निघून गेला नाही, यावरून तो सावकाश फिरत असणार, म्हणजेच दूर असणार. संशोधकांचा अंदाज पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे आठपट किंवा त्याहून जास्त. आपल्या सूर्यमालेत हे ठिकाण गुरू आणि शनी यांच्या दरम्यान किंवा शनीपलीकडे येईल. म्हणजे चकतीत तिथे एका बाजूला मालाचा दाट साठा आहे, ही माहिती आपल्याला त्याच्या सावलीने दिली.

आता पडद्याच्या मालाकडे वळू. अमेरिकेच्या जॉन कार आणि जोन नजिता यांनी २००८ मध्ये स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या नोंदींवरून दाखवून दिलं की एए टॉरीच्या चकतीच्या आतल्या भागात, जिथे पृथ्वीसारखे ग्रह घडतात त्या पट्ट्यात, पाण्याची ऊन वाफ आहे. सोबत कार्बन डायऑक्साइड, ॲसिटिलीन आणि हायड्रोजन सायनाइड. यांतला शेवटचा रेणू विषारी म्हणून आपल्या परिचयाचा असला तरी जीवनाच्या रसायनाकडे जाणाऱ्या अनेक वाटा त्याच्यापासून निघतात. ग्रह उभा राहण्याआधीच त्याची शिदोरी तिथे जमा झालेली होती.

तुमचा शेवटचा प्रश्न : ग्रह घडताना कुणी पाहिले आहेत का? हो, पण एए टॉरीपाशी नाही. वृषभातच एचएल टॉरी नावाचा तारा आहे, वय दहा लाख वर्षांच्या आतबाहेर. आल्माने नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच्या चकतीचं जे चित्र दिलं त्यात एकाआड एक उजळ वलयं आणि काळ्या फटी होत्या. फटीत घडणारा ग्रह धूळ बाजूला सारत असावा, हा सरळ खुलासा. मात्र ग्रह त्या चित्रात दिसत नाही, दिसते ती फट. आणि फटी पडायला इतरही कारणं असू शकतात, म्हणून इथे पैज लावू नये.

पैज लावायची तर नरतुरंग तारकासमूहातल्या पीडीएस ७० वर लावावी. हाही रूपविकारी तारा, अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षं आणि वय ५० लाख वर्षांच्या थोडं पुढे. त्याच्या चकतीत मध्यभागी रुंद पोकळी आहे. २०१८ मध्ये मिरियम केप्लर आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने घेतलेल्या चित्रात त्या पोकळीतला ग्रह थेट दिसला. पुढच्या वर्षी दुसराही सापडला. दोन्ही ग्रहांपाशी तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश आढळतो, म्हणजे त्यांच्यावर अजून वायू पडतो आहे, त्यांची वाढ चालू आहे. २०२१ मध्ये तर आल्माने दुसऱ्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची छोटी चकती दाखवली. आपल्या चंद्राएवढे तीन उपग्रह घडतील इतका माल तिच्यात आहे. तेव्हा ग्रह घडतानाच नव्हे, उपग्रह जिथे घडू शकतात ती जागाही आता पाहून झाली आहे.

याच विषयावर आणखी तीन वाचकांचे प्रश्न आले आहेत, त्यांची उत्तरं थोडक्यात.

प्रश्न : आपला सूर्यही लहानपणी असाच होता का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : होता, असंच मानलं जातं. सगळे ग्रह जवळजवळ एकाच प्रतलात आणि एकाच दिशेने फिरतात. चकतीतून जन्म झाल्याची ही सर्वांत मोठी खूण. कांट यांनी १७५५ मध्ये आणि लाप्लास यांनी १७९६ मध्ये याच धाग्यावरून फिरत्या ढगाची कल्पना मांडली होती, तेव्हा चकती कुणी पाहिलेली नव्हती. दुसरा पुरावा उल्कापाषाणांत आहे. १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या अयेंदेसारख्या पाषाणांत कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने समृद्ध असे पांढुरके ठिपके आढळतात. अशा ठिपक्यांचं वय सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षं भरतं. सूर्याच्या चकतीच्या तप्त भागात घट्ट झालेले हे पहिले कण. आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल : सूर्याचं विषुववृत्त पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी अगदी समांतर नाही, सुमारे सात अंशांनी कललेलं आहे. एए टॉरीच्या आतल्या-बाहेरच्या कलाचं कोडं आपल्याही घरात, लहान प्रमाणात, शिल्लक आहे. चकती मात्र कधीच संपली. अशा चकत्या काही दशलक्ष वर्षं टिकतात. एक कोटी वर्षांच्या ताऱ्यांपाशी त्या क्वचितच उरतात. काही माल ताऱ्यावर पडतो, काही ग्रहांत जातो, उरलेला ताऱ्याच्या तीव्र किरणांनी उडून जातो.

प्रश्न : नारायणगावजवळची आपली जीएमआरटी रेडिओ दुर्बीण इतकी मोठी आहे, तिला ही चकती दिसत नाही का?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : चकती दिसत नाही, पण चकतीशी संबंधित दुसरी गोष्ट दिसते. खोडदच्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. पसाऱ्यात ती आल्माला हार जात नाही. फरक आहे तरंगलांबीचा. चकतीतली थंड धूळ मिलिमीटर लांबीच्या लहरींत चांगली चमकते, लहर लांबली की ती झपाट्याने अंधूक होते. जीएमआरटीचा कारभार वीस-एकवीस सेंटिमीटरपासून पुढच्या लांब लहरींचा. मात्र तरुण तारा चकतीतून माल घेतो, तसा त्यातला काही भाग दोन्ही ध्रुवांकडून वेगवान झोतांच्या रूपात बाहेरही फेकतो. हे झोत लांब लहरींतही प्रारणं देतात. वृषभातल्याच डीजी टॉरी या ताऱ्याच्या झोताची जीएमआरटीने घेतलेली निरीक्षणं २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांची खूण मिळाली. नंतर टी टॉरीचीही निरीक्षणं झाली. दुसरं आपलं साधन म्हणजे लडाखमधल्या हानले इथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण. तिच्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेलं टिरस्पेक हे अवरक्त उपकरण बसवलेलं आहे आणि तरुण ताऱ्यांचे वर्णपट घेणं हे त्याच्या कामांपैकी एक.

प्रश्न : माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे. असा एखादा तारा मला पाहता येईल का, आणि पाहून काही उपयोग?
— एक हौशी निरीक्षक, नाशिक

उत्तर : एए टॉरीचा नाद सोडा, तो आता फार मंद आहे. टी टॉरी पाहा. रोहिणीशकटाच्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आकारात एका टोकाला रोहिणी आहे. दुसऱ्या टोकाच्या एप्सिलॉन ताऱ्यापासून पश्चिमेला दीड अंश सरका. साधारण दहाव्या प्रतीचा हा तारा तुमच्या दुर्बिणीत सहज यावा. हिंडचा तेजोमेघ मात्र सहा इंचीत दिसेल अशी आशा धरू नका.

नोंद घेण्याची पद्धत सोपी. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही १९११ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा ताऱ्यांचे नकाशे विनामूल्य देते. त्यांत शेजारच्या स्थिर ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात. आपला तारा एकाहून तेजस्वी आणि दुसऱ्याहून मंद, असं ठरवून अधली प्रत अंदाजायची, तारीख-वेळ लिहायची आणि पाठवून द्यायची. चंद्रप्रकाश किंवा धुरकं असेल तर तेही लिहायचं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते. तिथे किंवा तुमच्या गावच्या आकाशनिरीक्षण मंडळात जाणती माणसं भेटतील. सुरुवातीला त्यांच्या अंदाजाशी आपला अंदाज ताडून पाहावा.

उपयोगाचं म्हणाल तर एकच गोष्ट सांगतो. एए टॉरी २०११ मध्ये मंद झाला, त्याची इतकी दखल घेतली गेली कारण १९८७ पासून त्याच्या नोंदी ठेवल्या जात होत्या आणि पठारावरची त्याची तेजस्विता दोन दशकांहून अधिक काळ बदललेली नव्हती. त्या रात्रींत निरीक्षकांनी ‘नेहमीसारखाच’ असं लिहिलं नसतं, तर ‘आज वेगळा’ हे कशाच्या आधारावर म्हणता आलं असतं? तेव्हा तुमच्या वहीत महिनोन्महिने एकच आकडा येत राहिला तरी वही बंद करू नका.